द्राक्षातले ०.०१ मोजताना: एलसी-एमएस/एमएसवर कीटकनाशकांचे अवशेष, बागेपासून अहवालापर्यंत

एकाच प्लॉटच्या द्राक्षांचे दोन नमुने दोन प्रयोगशाळांत जातात. एकीकडून आकडा येतो ०.००६ मि.ग्रॅ./किलो, दुसरीकडून ०.०१८. बागायतदार म्हणतो, यंत्र खोटे बोलते. यंत्र म्हणजे एलसी-एमएस/एमएस: अर्कातले रेणू आधी कॉलमवर वेगळे करणारे, मग त्यांच्या वस्तुमानावरून ओळखून मोजणारे. यंत्र बहुतेक वेळा खरेच बोलत असते. त्याच्या पुढ्यात ठेवलेली व्हायल (अर्काची छोटी कुपी) चुकलेली असते, आणि ती चूक मिक्सरमध्ये, नळीत किंवा पिपेटच्या टोकाला आधीच होऊन गेलेली असते.

प्रमाण किती लहान आहे ते एकदा डोळ्यांसमोर आणा. ज्या औषधाला युरोपीय संघाने वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला ३९६/२००५ या नियमनानुसार सरसकट ०.०१ मि.ग्रॅ./किलो लागू होते. म्हणजे १० ग्रॅम लगद्यात १०० नॅनोग्रॅम. साखरेचा एक दाणा अर्ध्या मिलिग्रॅमचा धरला तर त्याचा पाच हजारावा भाग. एवढ्याशा गोष्टीला हातमोजा, बाटली, मीठ, फिल्टर, सगळेच आडवे येते.

इथली कृती सायट्रेट क्वेचर्सची (ॲसिटोनायट्राइल आणि मिठांनी अर्क काढून पावडरीने तो साफ करण्याची पद्धत) आहे, म्हणजे ईएन १५६६२ या मानकाच्या वळणाची. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची इथिल ॲसिटेटची पद्धतही (१० ग्रॅम लगदा, १० मिलि इथिल ॲसिटेट, १० ग्रॅम सोडियम सल्फेट) द्राक्षांना उत्तम चालते. दोन्हींपैकी कोणतीही एक धरा. अर्धी ही, अर्धी ती असे केले की प्रमाणीकरणाची कागदपत्रे निकामी होतात.

१. आधी यादी चाळा

हे काम नमुना येण्याआधीचे. दोनशे-अडीचशे औषधांची यादी एका अर्कात बसते खरी, पण काही औषधे या वाटेने येतच नाहीत. त्यांच्यापुढे ‘आढळले नाही’ लिहिणे म्हणजे न शोधता ‘सापडले नाही’ म्हणणे.

क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागेतले सीसीसी, कायम भारित रेणू आहे. मीठ घातल्यावर तो पाण्याच्या थरातच राहतो, ॲसिटोनायट्राइलमध्ये चढत नाही. त्याला फॉर्मिक ॲसिड घातलेल्या मेथॅनॉलने वेगळा अर्क आणि हिलिक कॉलम (पाण्यात राहणाऱ्या रेणूंसाठीचा) लागतो. संक्रमणे (आयनाचे वस्तुमान → तो फोडल्यावर मिळणारा तुकडा) १२२ → ५८ आणि १२२ → ६३. २०१०च्या हंगामात युरोपात आपले कंटेनर अडकले ते याच रेणूपायी.

मॅन्कोझेब, मेटिराम, प्रोपिनेब ही डायथायोकार्बामेट मंडळी तर अखंड रेणू म्हणून विरघळतच नाहीत. स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडात तापवून त्यांचा कार्बन डायसल्फाइड करायचा, तो आयसोऑक्टेनमध्ये धरायचा आणि जीसीवर (वायू क्रोमॅटोग्राफवर) मोजायचा. यातून फक्त एकूण आकडा मिळतो. कोणते औषध मारले होते ते त्यातून कळत नाही.

कॅप्टान आणि फोल्पेट इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (एलसी-एमएस/एमएसच्या आयन बनवणाऱ्या स्रोतात) धड दिसत नाहीत, ते जीसीकडे पाठवा. जिबरेलिक ॲसिड (डिपिंगचे जीए) आणि २,४-डी हे आम्लधर्मी आहेत, त्यांना सफाईची पीएसए पावडर गिळते. त्यांच्यासाठी अर्काचा एक वाटा सफाईपूर्वीच बाजूला काढायचा असतो. पायरी ६मध्ये ते येईलच.

तपासा: बागेच्या फवारणी नोंदवहीतले प्रत्येक औषध तुमच्या यादीत आहे का, आणि ते कोणत्या वाटेने मोजले जाणार, हे एका कागदावर लिहून झाले का?

२. बागेतून नमुना

किमान २ किलो आणि किमान ५ घड, हे अगदी कमीत कमी. सगळे एकाच ओळीतून नकोत. प्लॉटमधून नागमोडी चालत, मांडवाच्या दोन्ही बाजूंनी, उन्हातले आणि सावलीतले असे मिळून घ्या. बांधाकडच्या कडेच्या ओळी सोडा. शेजारच्या फवारणीचा वारा तिथेच लागतो.

घड काढणाऱ्याने त्या दिवशी फवारणीच्या पंपाला हात लावलेला नसावा. नवे नायट्राइल मोजे घाला, प्लॉट बदलला की मोजे बदला. पिशवी कोरी पॉलिथिनची घ्या. कृषी सेवा केंद्रातून औषध आणलेली पिशवी झटकून वापरली जाते, तेव्हा निकाल तिथेच ठरून जातो. द्राक्षे धुवायची नाहीत, पुसायचीही नाहीत. बर्फाच्या पेटीत घालून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा.

३. दळण

सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असते.

डायथायोकार्बामेट तपासायचे असेल तर त्यासाठीचे मणी मिक्सर लावण्याआधी बाजूला काढा. रसातल्या आम्लाशी गाठ पडली की मॅन्कोझेब मोडू लागते, म्हणून त्या वाट्याचा लगदा करत नाहीत. मणी अर्धे कापून, गोठवून तसेच वापरतात.

बाकीच्या घडांचे मणी देठापासून सोडवा. देठ वजनात धरायचा नाही. मणी −२० अंशांवर रात्रभर गोठवा आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या ड्राय आइसबरोबर दळा. कोमट मिक्सरमध्ये द्राक्षाचा रस होतो आणि सालीचे तुकडे तसेच राहतात. फवारलेले औषध बहुतांश सालीवर असते. मग १० ग्रॅमच्या नळीत चार साली जास्त पडल्या की आकडा वर, चार कमी पडल्या की खाली. गोठवून दळलेला लगदा ओल्या रव्यासारखा दिसला पाहिजे. बोटांत चोळल्यावर सालीची चकती लागली तर पुन्हा दळा.

सावधान: ड्राय आइस घातल्यावर मिक्सरचे झाकण हवाबंद करू नका, दाबाने उडते. खोलीची खिडकी उघडी ठेवा. दळलेला लगदा सैल झाकणाच्या डब्यात रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून वायू निघून जाऊ द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी वजन करताना काट्यावरचा आकडा घसरतच राहतो.

बेदाणा असेल तर गणित बदलते. तासगावच्या बेदाण्यात पाणी फारच थोडे, आणि क्वेचर्सला ते लागतेच. ५०० ग्रॅम गोठवलेला बेदाणा ८५० ग्रॅम थंड पाण्याबरोबर दळा आणि त्यातून १३.५ ग्रॅम घ्या. त्यात बेदाणा ५ ग्रॅम असतो. शेवटच्या हिशोबात १० ऐवजी ५ लिहायला विसरू नका, नाहीतर आकडा निम्मा येतो.

तपासा: नव्या मिक्सरवर किंवा नव्या माणसाकडून काम सुरू करताना, अवशेष असलेल्या एकाच लगद्यातून पाच वाटे घेऊन पाचही पूर्ण पद्धतीने मोजा. पाच आकड्यांचे सापेक्ष प्रमाण विचलन (सरासरीच्या मानाने आकडे किती विखुरले ते) २० टक्क्यांच्या वर गेले, तर यंत्राकडे बघण्याआधी मिक्सरकडे बघा.

४. प्रमाणित द्रावणे

नमुन्याची तुलना ज्यांच्याशी करायची ती, औषधाचे प्रमाण माहीत असलेली ही द्रावणे. प्रत्येक औषधाचे १० मि.ग्रॅ. पाच दशांशांच्या काट्यावर तोला, १० मिलि फ्लास्कमध्ये भरा, आणि प्रमाणपत्रावरच्या शुद्धतेने आकडा सुधारा. ९८.२ टक्के लिहिले असेल तर १००० नव्हे, ९८२ मायक्रोग्रॅम/मिलि. कार्बेन्डाझिम ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळायला कुरकुर करते. आम्ल घातलेले मेथॅनॉल घ्या आणि मूळ द्रावण १०० मायक्रोग्रॅम/मिलिचेच करा. तळाशी पांढरा थर बसलेल्या द्रावणातून पुढची सगळी मालिका बनवली, तर प्रत्येक नमुन्यात कार्बेन्डाझिम खऱ्यापेक्षा जास्त दिसते. प्रमाण पातळ झाले की नमुना जाड दिसणारच.

मिश्र द्रावण १ मायक्रोग्रॅम/मिलि, तपकिरी बाटलीत, −२० अंशांवर ठेवा. वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडा. थंडगार बाटली पावसाळ्यात उघडली की आत दव पडते.

यातूनच ॲसिटोनायट्राइलमध्ये ४०, १००, २००, ४०० आणि १००० नॅनोग्रॅम/मिलि अशी कामाची मालिका करा. हे आकडे असेच का, ते पायरी ७मध्ये कळेल.

५. अर्क

एका बॅचमध्ये नमुन्यांखेरीज एवढ्या नळ्या हव्यातच: एक अभिकर्मक कोरी (लगदा नाही, बाकी सगळे), एक कोरा लगदा (अवशेष नसल्याची खात्री असलेली द्राक्षे), आणि दोन पुनर्प्राप्ती नळ्या (मुद्दाम घातलेल्या औषधापैकी किती परत मिळते ते पाहायला). पुनर्प्राप्तीसाठी १० ग्रॅम कोऱ्या लगद्यात १ मायक्रोग्रॅम/मिलि द्रावणाचे १०० मायक्रोलिटर घाला, झाले ०.०१ मि.ग्रॅ./किलो. पाचपट घातले की ०.०५. घातल्यावर वीस मिनिटे थांबा. लगेच द्रावक ओतला तर औषध लगद्यात मुरतच नाही आणि पुनर्प्राप्ती उगाच देखणी दिसते.

१. ५० मिलि पॉलिप्रोपिलीन नळीत १०.० ग्रॅम (±०.१) लगदा, गोठलेला असतानाच, तोला.

२. अंतर्गत प्रमाण, म्हणजे प्रत्येक नळीत सारखेच घातलेले तुलनेचे रसायन (उदा. ॲट्राझिन-डी५, १ मायक्रोग्रॅम/मिलि) १०० मायक्रोलिटर घाला. सगळ्या नळ्यांत, कोऱ्या नळ्यांतसुद्धा. एका नळीत घातले की नाही अशी शंका आली तर ती नळी फेका आणि नव्याने तोला.

३. ॲसिटोनायट्राइल १० मिलि घाला. लगदा गोठलेला असेल तर शेकरवर १५ मिनिटे, वितळलेला असेल तर हाताने जोरात १ मिनिट हलवा.

४. मिठांचे मिश्रण घाला: निर्जल मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, सोडियम क्लोराइड १ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट सेस्क्विहायड्रेट ०.५ ग्रॅम.

५. मीठ पडताच झाकण लावून लगेच १ मिनिट जोरात हलवा.

६. ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा, किमान ३००० जी. वरचा स्वच्छ थर तुमचा.

पाचव्या पायरीतला ‘लगेच’ महत्त्वाचा आहे. मॅग्नेशियम सल्फेट पाणी पिताना तापते आणि दगडासारखा गोळा होतो. दहा नळ्यांत आधी मीठ घालून मग पहिलीपासून हलवायला घेतले, तर दहाव्या नळीच्या तळाला गोळा बसलेला असतो. पाणी त्यात, औषधही थोडे त्यातच. एक नळी, मीठ, हलवा, मग दुसरी. मीठ आधी आणि ॲसिटोनायट्राइल नंतर, हा उलटा क्रमही चुकीचाच. नळी हाताला गरम लागली तर बर्फाच्या पाण्यात धरा.

मॅग्नेशियम सल्फेट मुळात निर्जल हवे. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर उघडी बरणी दोन दिवसांत ओली होते. ५०० अंशांच्या भट्टीत किमान ५ तास तापवा, म्हणजे पाण्याबरोबर थॅलेटही (प्लास्टिकमधून येणारी रसायने) जातात. मग डेसिकेटरमध्ये ठेवा. थर वेगळे झाल्यावर वरचा थर ९ मिलिच्या खूप खाली दिसला, तर मीठ ओले होते किंवा हलवण्यात कसर राहिली.

सावधान: प्रयोगशाळेची पेस्ट कंट्रोल. झुरळांच्या जेलमध्ये इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल असते, आणि ही दोन्ही तुमच्या यादीतही असतात. ओट्याखाली लावलेल्या जेलचा ठिपका आधी झाडूला, झाडूवरून स्टूलला, स्टूलवरून मोज्याला लागतो, आणि मग अख्ख्या हंगामात ‘सगळ्याच बागांत’ इमिडाक्लोप्रिड सापडू लागते. नमुना तयार करण्याच्या खोलीत जेल, मॅट, कॉइल काहीही नको. अंगाला डास प्रतिबंधक मलम चोपडून आलेल्या माणसाबरोबर डीईईटी येते. त्याचेही आयन वस्तुमान १९२, कार्बेन्डाझिमचेही १९२. तुकडे वेगळे पडतात (डीईईटीचा ११९), पण ते घरातून आणायचे कशाला?

६. सफाई

द्राक्षात साखर आणि टार्टरिक ॲसिड भरपूर. पीएसए या दोघांना धरून ठेवते. सफाईच्या आधी १ मिलि कच्चा अर्क वेगळ्या व्हायलमध्ये काढा आणि वर ‘जीए/२,४-डी’ लिहा. हा वाटा पीएसएला लागायला नको. जिबरेलिक ॲसिड ऋण आयन मोडमध्ये ३४५ → १४३ आणि ३४५ → २३९ वर पाहायचे.

उरलेल्यातून ६ मिलि अर्क १५ मिलि नळीत घ्या. त्यात पीएसए १५० मि.ग्रॅ. आणि मॅग्नेशियम सल्फेट ९०० मि.ग्रॅ. घाला. ३० सेकंद हलवा, ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा.

काळ्या द्राक्षांचा अर्क रंगीत दिसला की कार्बन पावडर घालायचा मोह होतो. ती रंग काढते तशी सपाट बांध्याचे रेणूही काढते: कार्बेन्डाझिम, थायाबेन्डाझोल, क्लोरोथॅलोनिल. घालायचीच असेल तर दर मिलि अर्काला २.५ मि.ग्रॅ.पासून सुरुवात करा आणि त्याच बॅचची पुनर्प्राप्ती पाहूनच पुढे जा. माझ्या मते एलसीसाठी काळ्या द्राक्षांनाही कार्बन नको. अर्क पाचपट पातळ करणार आहोत, तेवढ्याने रंगाचा त्रास भागतो.

सफाईनंतर वरचा अर्क काढून दर मिलिला ५ टक्के फॉर्मिक ॲसिडचे (ॲसिटोनायट्राइलमधले) १० मायक्रोलिटर लगेच घाला. पीएसएने पीएच ८च्या पुढे जातो आणि अल्कलीत टिकाव न धरणारी औषधे व्हायलमध्येच मोडत राहतात. आम्लाने पीएच ५च्या आसपास येतो. ‘जेवून येऊन घालतो’ म्हणून ठेवलेल्या ट्रेमध्ये पहिली आणि शेवटची नळी सारखी राहत नाही.

७. व्हायल

निव्वळ ॲसिटोनायट्राइलमधला अर्क ५-१० मायक्रोलिटर सी१८ कॉलमवर (औषधे वेगळी करणाऱ्या नळीवर) टाकला की सुरुवातीला निघणारी औषधे (ॲसिफेट, मेथामिडोफॉस, मेथोमिल) दुभंगलेली शिखरे देतात. द्रावक त्यांना कॉलमवर बसूच देत नाही. म्हणून पाण्याने पातळ करा, आणि त्याच वेळी अंशांकनही (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून यंत्राची मोजपट्टी ठरवणे) अर्काशी जुळवून घ्या:

– नमुना: अर्क २०० मायक्रोलिटर + ॲसिटोनायट्राइल १० + ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिडचे पाणी ७९०.
– अंशांकन: कोऱ्या द्राक्षाचा अर्क २०० + कामाचे द्रावण १० + तेच पाणी ७९०.

आता पायरी ४चे आकडे आठवा. २०० नॅनोग्रॅम/मिलि द्रावणाचे १० मायक्रोलिटर म्हणजे २ नॅनोग्रॅम, तेही २०० मायक्रोलिटर अर्कात. म्हणजे अर्कात १० नॅनोग्रॅम/मिलि, म्हणजे द्राक्षात १० मायक्रोग्रॅम/किलो. कामाच्या द्रावणाचा आकडा भागिले २०, की थेट द्राक्षातले मायक्रोग्रॅम/किलो: २, ५, १०, २०, ५०. अक्षावर हेच लिहा.

नमुन्यात १० मायक्रोलिटर साधे ॲसिटोनायट्राइल घालायचे विसरू नका. अंशांकन आणि नमुना यांत द्राक्षाचा अंश, द्रावक आणि पाणी अगदी सारखे हवे. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. फिल्टर लागलाच तर ०.२ मायक्रॉनचा पीटीएफई घ्या. नायलॉन काही औषधे धरून ठेवतो. पातळ केलेल्या व्हायल त्याच दिवशी चालवा. पाणी जास्त असलेल्या व्हायलमध्ये क्लोरपायरिफॉससारखी तेलकट औषधे हळूहळू काचेला चिकटतात.

८. यंत्र

सुरुवातीला हे पुरे: सी१८ कॉलम १०० × २.१ मिमी, १.८ मायक्रॉन, ४० अंश, ०.३ मिलि/मिनिट. ए म्हणजे पाणी, बी म्हणजे मेथॅनॉल, दोन्हींत ५ मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट (लिटरला ०.३१५ ग्रॅम) आणि ०.१ टक्के फॉर्मिक ॲसिड. बी ५ टक्क्यांवर अर्धा मिनिट, बाराव्या मिनिटाला ९८, पंधराव्यापर्यंत तिथेच, मग परत ५ आणि तीन मिनिटे विश्रांती. पहिला मिनिट व्हाल्व्ह कचऱ्याकडे वळवा, साखर आयन स्रोतात जाऊ देऊ नका. पण तुमचे पहिले औषध त्यानंतरच निघते ना, हे आधी पाहून घ्या.

अमोनियम फॉर्मेट वगळून नुसते फॉर्मिक ॲसिड वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांना ॲबामेक्टिन दिसत नाही. तो रेणू अमोनियमला धरून ८९०.५ वर येतो आणि ३०५ चा तुकडा देतो. अमोनियम नसेल तर सोडियमला चिकटतो, आणि सोडियमवाला रेणू फुटायला मागत नाही.

पाण्याच्या बाटलीत वरून भर घालत राहू नका. ती रिकामी करून, धुऊन, नवी भरा. भांडी धुण्याच्या साबणाने तर मुळीच नको. त्यातले पॉलिइथर ४४-४४च्या अंतराने शिखरांची रांग लावतात आणि ती आठवडाभर जात नाही.

आता वेळेचे गणित. शिखर ६ सेकंद रुंद असेल तर त्यावर १२ तरी बिंदू हवेत, म्हणजे एक फेरी अर्ध्या सेकंदात. दोनशे औषधे, प्रत्येकी दोन संक्रमणे, ५ मिलिसेकंद प्रत्येकी: फेरी झाली २ सेकंदांची आणि शिखरावर बिंदू तीन. त्या तीन बिंदूंना क्षेत्रफळ म्हणायचे धाडस करू नका. प्रत्येक संक्रमण त्याच्या धारणकाळाच्या (औषध कॉलममधून बाहेर पडण्याच्या वेळेच्या) आसपास मिनिटभरच पाहायला सांगा.

तपासा: १० मायक्रोग्रॅम/किलोचे अंशांकन सहा वेळा सोडा. क्षेत्रफळाचे विचलन १० टक्क्यांच्या आत, धारणकाळ ०.१ मिनिटाच्या आत. नसेल तर नमुने लावू नका.

९. बॅचचा क्रम

कोरा द्रावक, अभिकर्मक कोरी, कोरा लगदा, अंशांकन लहानाकडून मोठ्याकडे, पुन्हा कोरा द्रावक, पुनर्प्राप्ती, नमुने, दर दहा नमुन्यांनंतर १०चे अंशांकन, शेवटी पूर्ण अंशांकन पुन्हा.

५०च्या अंशांकनानंतरच्या कोऱ्या द्रावकात शिखर दिसले तर सुई किंवा व्हाल्व्ह मागचे पुढे ओढते आहे. अभिकर्मक कोरीतला आकडा तुमच्या अहवाल मर्यादेच्या ३० टक्क्यांवर गेला, म्हणजे ०.०१ साठी ०.००३ वर, तर तो नमुन्यातून वजा करून पुढे जाऊ नका. कारण शोधा. मधल्या १०च्या अंशांकनाचा प्रतिसाद २० टक्क्यांहून जास्त घसरला, तर त्या दोन अंशांकनांच्या मधले नमुने पुन्हा लावावे लागतात. अंतर्गत प्रमाण सगळे सावरून घेते अशी एक समजूत आहे. ते आकारमानाच्या चुका सावरते. पण आयन दाबले जाणे (अर्कातल्या इतर पदार्थांमुळे औषधाचा संकेत कमी होणे) प्रत्येक धारणकाळाला वेगळे असते, आणि सातव्या मिनिटाच्या ॲट्राझिनला तिसऱ्या मिनिटाच्या मेथोमिलचे दुःख कळत नाही.

१०. ओळख पटवणे

शिखर दिसले म्हणजे औषध सापडले असे नाही. अटी अशा: दोन्ही संक्रमणांची शिखरे एकमेकांवर बसतात, धारणकाळ अंशांकनापासून ±०.१ मिनिटात, दोन्ही आयनांचे गुणोत्तर त्याच बॅचच्या अंशांकनाच्या सरासरीपासून ±३० टक्क्यांत, संकेत गोंगाटाच्या तिप्पट तरी.

कार्बेन्डाझिम घ्या: मोजायला १९२ → १६०, पटवायला १९२ → १३२. समजा अंशांकनात १३२/१६० हे गुणोत्तर सरासरी ०.२० आले. मग नमुन्यात ०.१४ ते ०.२६ चालेल. नमुन्यात आले ०.३७, आकडा ०.०१२, धारणकाळ अगदी बरोबर. इथे अहवालात ०.०१२ छापणारेही चुकतात आणि ‘आढळले नाही’ छापणारेही. १३२च्या वाटेत द्राक्षातला दुसरा कोणी तरी बसला आहे. १६०ची वाट स्वच्छ आहे का ते ठरवायला ग्रेडियंट (बीचे प्रमाण वाढवत नेण्याचा वेग) संथ करा, अर्क आणखी पाचपट पातळ करून लावा, किंवा नमुन्याच्या अर्कात वाढत्या प्रमाणात प्रमाणित द्रावण घालून मोजा. गुणोत्तर जागेवर आले तरच नाव लिहा.

डायमेथोमॉर्फ दोन शिखरे देते (दोन्ही ३८८ → ३०१). ते दोन समघटक आहेत. क्षेत्रफळांची बेरीज करायची. सॉफ्टवेअर मुकाट्याने एकच शिखर उचलते. आणि कार्बेन्डाझिम सापडले म्हणून बागेत कार्बेन्डाझिमच मारले असे बागायतदाराला सुनावू नका. थायोफॅनेट मिथाइल मोडूनही तेच तयार होते. ३४३ → १५१ पाहा.

११. हिशोब आणि अहवाल

अक्ष आधीच मायक्रोग्रॅम/किलोत असल्यामुळे १३ वाचले तर उत्तर १३, म्हणजे ०.०१३ मि.ग्रॅ./किलो. ‘पाचपट पातळ केले होते’ म्हणून पुन्हा ५ने गुणले की ०.०६५ होते. ही चूक इतकी सर्रास होते की वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवावी. ५०च्या वर गेलेला नमुना रेषा लांबवून वाचू नका. अर्क कोऱ्या अर्काने पातळ करून पुन्हा लावा, आणि त्या वेळी मात्र गुणा.

पुनर्प्राप्ती ७० ते १२० टक्क्यांत असावी. रोजच्या एकेकट्या नळीला ६० ते १४०पर्यंत सवलत असते, पण सलग तीन बॅच ६५ दाखवत असतील तर ती सवलत नव्हे, बिघाड समजा. ०.०१ आणि त्यावरचे आकडे दोन सार्थ अंकांत द्या, आणि पूर्णांकन सगळ्यात शेवटी.

युरोपातल्या तपासयंत्रणा सर्वसाधारणपणे ±५० टक्के अनिश्चितता धरतात. ०.०१३ मधून निम्मे गेले की ०.००६५, मर्यादा नक्की ओलांडली असे ते म्हणणार नाहीत. ०.०२१ मधून निम्मे गेले तरी ०.०१०५ उरते, तिथे माल अडतो. पण ही सवलत अंमलबजावणी करणाऱ्याची आहे, माल पाठवणाऱ्याची नव्हे. ०.०१३ आलेला प्लॉट थांबवायचा, काढणीपूर्व काळ (शेवटची फवारणी ते काढणी) मोजायचा, नवा नमुना घ्यायचा.

लगद्याची दुसरी पिशवी −२० अंशांवर, तारीख आणि प्लॉट क्रमांक घालून, निकालाला हरकत घेण्याची मुदत संपेपर्यंत जपा. वाद आला तर जुन्या व्हायलमधून पुन्हा मोजू नका; त्या पिशवीतून नवे १० ग्रॅम तोला आणि पायरी ५पासून सुरू करा.